काम संपताच शरीरात जिरणारे प्लास्टिक

प्लास्टिक किती टिकाऊ असते, हे मुंबईकरांना सांगण्याची गरज नाही. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून उगम पावणारी मिठी नदी आरे कॉलनीच्या परिसरातून वाट काढत माहीमच्या खाडीकडे जाते आणि वाटेत शहराने टाकून दिलेल्या पिशव्या, बाटल्या व वेष्टने सोबत घेते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नाले तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिकच्या पिशव्यांचे नाव पुढे आले. त्यानंतर राज्यात निर्बंध आले, २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची व्यापक अधिसूचनाही निघाली. वस्तूचे काम पाच मिनिटांचे आणि आयुष्य शेकडो वर्षांचे, ही विसंगती या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

हीच विसंगती मानवी शरीराच्या आत निर्माण झाली, तर तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. जखम आठ-दहा दिवसांत भरते. पण टाका न विरघळणारा असेल, तर तो काढण्यासाठी पुन्हा दवाखान्यात जावे लागते. मोडलेले हाड काही महिन्यांत जुळते. पण आत बसवलेली पट्टी काढायची झाल्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. शरीरात राहिलेली परकी वस्तू जंतुसंसर्गाचे ठाणे बनण्याचा धोकाही असतो. म्हणूनच गेली कित्येक दशके रसायनशास्त्रज्ञ एका वेगळ्या प्लास्टिकच्या शोधात आहेत. नेमून दिलेले काम होईपर्यंत त्याने टिकावे, त्यानंतर मात्र शरीरात निमूटपणे जिरून जावे आणि जिरताना मागे विषारी अवशेष ठेवू नयेत, अशी अपेक्षा आहे. या शोधाचा एक आश्वासक मार्ग अमिनो आम्लांकडे जातो.

दुधापासून सुरुवात

अमिनो आम्ले ही काही प्रयोगशाळेतील दुर्मीळ वस्तू नव्हे. मुंबईत ठिकठिकाणी विखुरलेले म्हशींचे गोठे एका जागी आणून शहराला स्वच्छ दूध पुरवावे, या हेतूने १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तत्कालीन दूध आयुक्त दारा खुरोडी यांना या कार्यासाठी १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेच्या बाटलीतून घरोघरी पोहोचणाऱ्या दुधातील पोषणाचा मोठा वाटा प्रथिनांचा होता आणि प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब साखळ्या. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के वाटा केसिन या प्रथिनाचा असतो. ते पोटात गेले की पाचक विकरे त्याची साखळी तोडतात आणि सुटी झालेली अमिनो आम्ले शरीर आपल्या कामाला लावते.

दुधातील या प्रथिनापासून प्लास्टिक करण्याची कल्पनाही जुनीच. १८९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत केसिनवर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करून एक कठीण पदार्थ तयार करण्यात आला. ‘गॅलॅलिथ’ या नावाने तो विकला जाई आणि त्याची बटणे, कंगवे, दागिने बनत. मात्र फॉर्माल्डिहाइडने घट्ट बांधलेला तो पदार्थ शरीरात ठेवण्याजोगा नव्हता. आजच्या संशोधकांनी त्याच्या उलट दिशा धरली आहे. साखळी टिकेल इतकी मजबूत हवी, पण शरीरातील विकरांना ती तोडता आली पाहिजे.

डबे आणि जोडण्या

‘बहुवारिक’ हा शब्द बोजड वाटला, तरी कल्पना सोपी आहे. उपनगरी गाडीच्या प्रत्येक डब्याला दोन्ही टोकांना जोडणी असते. डब्याला डबा जोडत गेले की गाडी तयार होते. त्याचप्रमाणे दोन्ही टोकांना जोडणी असलेले लहान रेणू एकमेकांना जोडत गेले की बहुवारिकाची साखळी तयार होते. अमिनो आम्लाच्या रेणूत या दोन्ही जोडण्या निसर्गानेच दिल्या आहेत. एका बाजूस नायट्रोजन असलेला अमिनो गट असतो, तर दुसऱ्या बाजूस आम्लाचा गट. एकाचा अमिनो गट दुसऱ्याच्या आम्ल गटाशी जोडला जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो.

प्रथिनांत आढळणाऱ्या प्रमुख अमिनो आम्लांची संख्या वीस आहे. त्यांतील फरक मुख्यतः डब्याच्या बाजूला लटकणाऱ्या गटात असतो. कुणाचा गट पाण्याशी सख्य राखणारा, कुणाचा तेलकट. लायसिनचा धन विद्युतभाराचा, ॲस्पार्टिक आम्लाचा ऋण भाराचा. रसायनशास्त्रज्ञाला हवी असते ती हीच विविधता, कारण या बाजूच्या गटांना औषधाचा रेणू किंवा अन्य उपयुक्त घटक अडकवता येतो. नेहमीच्या पॉलिथिनच्या साखळीत अशी सोय नसते.

आणखी एक बाब महत्त्वाची. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचे प्रतिबिंब असतात, तशी बहुतेक अमिनो आम्लांची दोन रूपे असतात. सजीवांची प्रथिने ‘एल’ या रूपापासून बनतात आणि आपली विकरेही प्रामुख्याने तेच रूप ओळखतात. शरीरात जिरणारी साखळी हवी असेल, तर कच्चा माल ‘एल’ रूपातीलच घ्यावा लागतो.

हा कच्चा माल मिळवण्यासाठी दूध नासवावे लागत नाही. १९५० च्या दशकात जपानी संशोधकांनी ग्लुटामिक आम्ल मुबलक प्रमाणात स्रवणारा जिवाणू शोधला आणि किण्वनाने अमिनो आम्ले बनवण्याचा उद्योग उभा राहिला. साखर किंवा उसाची मळी हे या जिवाणूंचे खाद्य. लायसिनचे जगातील बहुतांश उत्पादन कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात जाते. म्हणजे औषधी बहुवारिकाचा मूळ घटक खनिज तेलातून नव्हे, तर शेतातून येऊ शकतो.

विरघळणाऱ्या टाक्यांचा अनुभव

शरीरात जिरणारी सामग्री वैद्यकाला नवी नाही. मेंढ्या किंवा गुरांच्या आतड्यांपासून बनवलेला ‘कॅटगट’ हा दोरा शल्यचिकित्सक पूर्वापार वापरत आले. १९७० च्या दशकात ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांपासून बनवलेले कृत्रिम दोरे बाजारात आले आणि ‘विरघळणारे टाके’ हा शब्दप्रयोग घरोघरी रुळला. वास्तविक हे टाके मिठाप्रमाणे विरघळत नाहीत. शरीरातील पाणी त्यांच्या साखळीचे बंध हळूहळू तोडते आणि उरलेले लहान तुकडे शरीर बाहेर टाकते किंवा वापरून टाकते.

या गटातील बहुवारिके आजही अत्यंत उपयुक्त आहेत. तथापि त्यांच्या विघटनातून आम्ल तयार होते. टाक्याच्या बारीक दोऱ्यातून निघणारे आम्ल शरीर सहज सामावून घेते. परंतु वस्तू जाड असेल, तर आम्ल एका ठिकाणी साचून भोवतालच्या ऊतींचा दाह होऊ शकतो.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवण्याच्या जिरणाऱ्या स्टेंटची कथा येथे बोधप्रद ठरते. लॅक्टिक आम्लाच्या बहुवारिकापासून बनवलेल्या ॲबॉट कंपनीच्या ‘ॲब्सॉर्ब’ स्टेंटला अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे धातूच्या स्टेंटच्या तुलनेत त्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले आणि २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. सामग्री जिरते एवढ्यावर भागत नाही. ती कधी, किती वेगाने आणि जिरेपर्यंत किती ताकद राखून जिरते, यावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

नुसती साखळी पुरेशी नाही

मग अमिनो आम्ले थेट एकमेकांना जोडून हवी ती वस्तू का बनवू नये? हा प्रयत्न शंभर वर्षांहून जुना आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान लॉइक्स यांनी १९०६ मध्ये अमिनो आम्लांपासून अशी वलयाकार संयुगे बनवण्याची पद्धत मांडली, की ज्यांचे वलय उघडून लांब साखळी तयार करता येते. प्रयोगशाळांत कृत्रिम पॉलिपेप्टाइडे बनवण्यासाठी ही वाट आजही चोखाळली जाते.

या प्रकारच्या साखळीने एका आजारात मोठे यश मिळवले. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील मायकेल सेला, रूथ अरनॉन आणि द्वोरा टाइटेलबाऊम यांनी ग्लुटामिक आम्ल, ॲलॅनिन, टायरोसिन आणि लायसिन या चार अमिनो आम्लांपासून एक बहुवारिक बनवले. मज्जातंतूंच्या आवरणातील प्रथिनाची नक्कल करून प्राण्यांत आजार निर्माण करावा, हा त्यामागचा मूळ उद्देश. प्रत्यक्षात त्या पदार्थाने आजारापासून संरक्षण दिले. ‘ग्लॅटिरामर’ या नावाने ते मल्टिपल स्क्लेरोसिसवरील औषध म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २०१७ मध्ये हैदराबादच्या नॅटको फार्माने मायलन कंपनीच्या साथीने विकसित केलेल्या त्याच्या जेनेरिक आवृत्तीलाही तेथे मान्यता मिळाली. येथे बहुवारिक हे औषधाचे वाहन नसून स्वतःच औषध आहे.

वस्तू घडवण्याच्या दृष्टीने मात्र शुद्ध पॉलिपेप्टाइडांची अडचण होते. पेप्टाइड बंधांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटतात. पुष्कळदा तापवल्यावर त्या वितळण्याऐवजी करपतात आणि साध्या द्रावकांत विरघळतही नाहीत. शिवाय काही साखळ्यांना शरीराची प्रतिकारयंत्रणा परके प्रथिन समजून विरोध करू शकते.

अमेरिकेतील रॉबर्ट लँगर आणि जोआखिम कोन यांनी १९८० च्या दशकात यावर एक युक्ती शोधली. अमिनो आम्ले नेहमीच्या पेप्टाइड बंधाने न जोडता बाजूच्या गटातून, वेगळ्या प्रकारच्या बंधाने जोडायची. घटक निसर्गाचे, सांधा मात्र माणसाने निवडलेला. अशा साखळ्या वितळवता येतात, साच्यात घालता येतात आणि सांधा कोणता निवडला यानुसार त्यांच्या विघटनाचा वेगही बदलता येतो. कोन यांनी पुढे रटगर्स विद्यापीठात टायरोसिन या अमिनो आम्लावर दीर्घकाळ काम केले.

या कामाचे फळ रुग्णांपर्यंत पोहोचले आहे. पेसमेकर छातीत बसवताना तो ज्या जाळीदार पिशवीत घातला जातो, तिच्यावर टायरोसिनपासून बनवलेल्या बहुवारिकाचा लेप असतो. त्यातून मिनोसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही दोन प्रतिजैविके हळूहळू पाझरतात. पूर्णतः जिरणाऱ्या पिशवीला अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली. सुमारे नऊ आठवड्यांत ती नाहीशी होते. जवळपास सात हजार रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पिशवीविना ज्यांच्यात उपकरण बसवले, त्यांच्यापैकी १.२ टक्के रुग्णांना वर्षभरात गंभीर संसर्ग झाला. पिशवी वापरलेल्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होते. आकडे लहान दिसतात, परंतु पेसमेकरला संसर्ग झाल्यास बहुधा संपूर्ण यंत्रणाच काढावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे मोल कळते.

पुण्यातील प्रयोग

या क्षेत्रातील महाराष्ट्रातील उल्लेखनीय काम पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे ‘आयसर’मध्ये झाले आहे. तेथील प्रा. एम. जयकण्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये अमिनो आम्लांपासून बहुवारिके बनवण्याची एक नवी पद्धत प्रसिद्ध केली.

या पद्धतीत अमिनो आम्लाच्या दोन्ही टोकांना आधी तात्पुरती ‘टोपी’ घातली जाते. आम्ल गटाचे एस्टरमध्ये, तर अमिनो गटाचे युरेथेनमध्ये रूपांतर होते. मग हे संयुग दोन्ही टोकांना अल्कोहोल गट असलेल्या दुसऱ्या रेणूबरोबर मिसळून, उत्प्रेरकाच्या साह्याने दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळलेल्या अवस्थेत ठेवायचे. दोन्ही टोप्या गळून पडतात, मिथेनॉल बाहेर निघते, निर्वात पंपाने ते ओढून घेतले की साखळी लांबत जाते. तयार होणाऱ्या पदार्थास पॉलिएस्टर-युरेथेन म्हणतात. मिथेनॉल काढून घेणे हा यातील कळीचा भाग होय; ते भांड्यातच राहिले, तर उलटी अभिक्रिया सुरू होऊन साखळी आखूड राहील.

साखळी जोडण्याच्या टप्प्यावर वेगळा द्रावक लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ. वस्त्रोद्योगातील पॉलिएस्टरही वितळलेल्या अवस्थेतच बनते. म्हणजे मार्ग कारखान्यांच्या ओळखीचा आहे. वैद्यकीय वापराच्या पदार्थात द्रावकाचा अंश उरू नये म्हणून जो खटाटोप करावा लागतो, तोही कमी होतो. एकच पद्धत निरनिराळ्या अमिनो आम्लांना लागू करता येते, हे तिचे दुसरे वैशिष्ट्य.

याच गटाने पुढे टायरोसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल यांच्यापासून अशी बहुवारिके बनवली, की ज्यांचा एक भाग पाण्याशी सलगी करतो आणि दुसरा पाण्यापासून दूर पळतो. पाण्यात सोडताच अशा साखळ्या आपोआप गोळा होतात आणि त्यांच्यापासून अब्जांश मीटरमध्ये मोजावे लागणारे सूक्ष्म कण बनतात. या कणांच्या पोटात कर्करोगावरील औषधे भरता येतात.

औषधाची कुपी आणि तिची किल्ली

कर्करोगाच्या उपचारांत दीर्घकाळ वापरात असलेले डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध घेऊ. ते कर्कपेशींना मारते, पण रक्तातून सर्वत्र फिरत असल्याने निरोगी पेशींनाही सोडत नाही. केस गळणे, उलट्या, पांढऱ्या पेशी घटणे हे त्रास होतातच. एकूण मात्रा वाढत गेल्यास हृदयाचे स्नायू कायमचे दुबळे होण्याचा धोका असतो. त्यामुळे औषध गुणकारी ठरत असतानाही डॉक्टरांना ते एका मर्यादेपलीकडे देता येत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून येणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबांना या मर्यादेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

औषध कुपीत बंद करून पाठवले, तर हा धोका कमी करता येतो. स्निग्ध पदार्थाच्या आवरणात गुंडाळलेले डॉक्सोरुबिसिन १९९५ पासून वापरात आहे आणि त्यामुळे हृदयावरील दुष्परिणाम घटल्याचा अनुभव आहे. अमिनो आम्लांच्या बहुवारिकाची कुपी त्यापुढचे पाऊल टाकू पाहते, कारण तिला पेशीच्या आत असलेली किल्ली लागते.

हे कण पेशीजवळ पोहोचले की पेशीचे आवरण त्यांना वेढून आत घेते. तेथून ते पेशीतील लायसोसोम नावाच्या पचनकोठीत जातात. ही कोठी आम्लयुक्त असते आणि तिच्यात एस्टर बंध तोडणारी विकरे असतात. रक्तात शाबूत राहिलेली साखळी येथे येताच तुटू लागते आणि औषध मोकळे होते. आयसरच्या गटाने गर्भाशयमुखाच्या व स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत असे कण तपासले आहेत. एकाच कणात दोन औषधे भरण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

तथापि काचपात्रातील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. शरीरात टोचलेले सूक्ष्म कण मोठ्या प्रमाणावर यकृत आणि प्लीहा अडवून धरतात. गाठीपर्यंत त्यांचा लहानसा भागच पोहोचतो. प्राण्यांवरील चाचण्या, त्यानंतर माणसांवरील सुरक्षिततेच्या आणि परिणामकारकतेच्या चाचण्या हा प्रवास वर्षानुवर्षांचा असतो आणि बहुसंख्य संशोधने वाटेतच थांबतात. प्रयोगशाळेतील यशाच्या बातमीवर विसंबून चालू उपचार थांबवणे किंवा लांबवणे रुग्णाला घातक ठरेल.

प्रयोगशाळेपासून खाटेपर्यंत

पदार्थ जिरतो, एवढे सिद्ध करून परवानगी मिळत नाही. साखळी तुटल्यावर निघणारे तुकडे निरुपद्रवी आहेत का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. अमिनो आम्ल नैसर्गिक असले, तरी त्याला जोडलेला दुसरा रेणू तसा असेलच असे नाही. उत्प्रेरकातील धातूचा अंश किती उरला, प्रत्येक घाणीतील साखळ्यांची लांबी सारखी आहे का, निर्जंतुकीकरणासाठी किरणांचा मारा केल्यावर ती घटते का, या प्रश्नांचीही उत्तरे द्यावी लागतात. भारतात १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांनी उपकरणांची जोखमीनुसार वर्गवारी केली आहे आणि शरीरात दीर्घकाळ राहणाऱ्या व जिरणाऱ्या वस्तूंची छाननी कठोर असते.

ही वाट अवघड असली, तरी अशक्य नाही. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनातून ‘सेरीजेन’ ही कंपनी उभी राहिली असून रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडांची पोकळी भरणारी व जखमांवरील उत्पादने विकसित करण्याचे तिचे काम आहे. रेशीम म्हणजे किड्याने विणलेले अमिनो आम्लांचे बहुवारिकच. आरेपासून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने काही मिनिटांवर असलेल्या पवईच्या आयआयटीतील संशोधन आणि टाटा स्मारक केंद्रातील वैद्यकीय चाचण्या यांच्या सहकार्यातून कर्करोगावरील देशी ‘कार-टी’ पेशी उपचारपद्धती साकारली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि परदेशातील खर्चाच्या सुमारे एक दशांश किमतीत ती उपलब्ध झाली. तिचा बहुवारिकांशी संबंध नाही. पण प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्यात पूल बांधता येतो, हे तिने दाखवून दिले.

किमतीचा प्रश्न येथे गौण मानता येणार नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा औषधयुक्त आणि जिरणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत सुमारे २९,६०० रुपये ठरवण्यात आली. त्याआधी रुग्णांना कित्येक पटींनी अधिक रक्कम मोजावी लागत असे. अमिनो आम्लांची बहुवारिके परदेशातून तयार उपकरणांच्या रूपाने आली, तर तोच अनुभव पुन्हा येण्याची शक्यता आहे. कच्चा माल उसाच्या मळीपासून बनू शकतो, पद्धत पुण्यात विकसित झाली आहे आणि गरजू रुग्ण मुंबईत आहेत. यांच्यामध्ये उणीव आहे ती वैद्यकीय दर्जाचे बहुवारिक सातत्याने बनवणाऱ्या कारखान्यांची आणि दीर्घ चाचण्यांचा खर्च उचलणाऱ्या निधीची.

जाता जाता एक गल्लत दूर करणे अगत्याचे आहे. दुकानात ‘जैवविघटनशील’ असा शिक्का मारलेली पिशवी आणि शरीरात जिरणारे वैद्यकीय बहुवारिक यांत फार अंतर आहे. अशा अनेक पिशव्यांना कुजण्यासाठी औद्योगिक खतनिर्मितीतील उष्णता लागते; मिठीच्या पात्रात त्या इतर पिशव्यांइतक्याच चिवट ठरू शकतात. तसेच शस्त्रक्रियेपूर्वी ‘विरघळणारी’ वस्तू सुचवली गेल्यास ती किती काळात जिरते, तिच्या माणसांवरील चाचण्या झाल्या आहेत का आणि नेहमीच्या पर्यायापेक्षा तिचा नेमका लाभ काय, हे तीन प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना अवश्य विचारावेत.